आईसाठी घेतलेला एचडी प्लेयर

एके काळी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत हाच विषय असायचा, स्वस्तातला एचडी प्लेयर घ्यावा का? मेनरोडपासून सिडकोपर्यंत प्रत्येक दुकानात तो दिसायला लागला होता आणि मी घेतलेला असल्यामुळे सगळ्या शिक्षिका मलाच विचारायच्या. मी म्हणायचे, "आधी घरातला टीव्ही बघा, मग बघणारं माणूस बघा." त्यांना वाटायचं, बाई नेहमीसारख्या खेकसल्या. वाटू दे.

तो प्लेयर मी हौसेने घेतला नव्हता. आमच्या घरात एकच सीडी होती आणि ती माझ्या लग्नाची. लग्न काही टिकलं नाही, मी बॅग घेऊन आईकडे सिडकोत परत आले. सीडी मात्र ठणठणीत होती. मी ती फेकूनच देणार होते, पण त्याआधी धाकटा भाऊ गेला. घोटीहून मोटारसायकलवर येताना, धुक्यात, ट्रकखाली. हलता-चालता भाऊ आता फक्त त्या सीडीत उरला होता, तोही कानपिळीपुरता. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. आमच्या पठ्ठ्याने तो असा पिळला की नवरदेव पाटावरून अर्धा उठला. मांडवात हशा पिकला. मग भाऊ वळतो आणि माझ्याकडे बघतो. संपलं.

आईचा जीव त्या वळण्यात अडकला होता. लग्नाआधी भावाने तिला बजावलं होतं की हे स्थळ नको, ताईचं तिथे भलं होणार नाही. आईने त्याला गप्प बसवलं होतं. पुढे जे झालं ते त्याच्या म्हणण्यासारखंच झालं, आणि मग तोही राहिला नाही. "वळला तवा त्याच्या तोंडावर हसू व्हतं का रडू, तेवढं मला दिसू दे," आई म्हणायची. "हसत आसंल तर त्यानं मला माफ केलं आसंल." मी शाळेत असताना ती रोज दुपारी सीडी लावायची. मी घरी असले की स्वयंपाकघरात निघून जायचे. माझ्याच लग्नाचा बँड मला ऐकवत नव्हता, बघायचं तर दूरच.

मग ती म्हणायला लागली, चित्र खराब झालंय. धूर आल्यासारखं दिसतंय. मी सीडी मऊ फडक्याने पुसली, जुन्या प्लेयरची लेन्स साफ करून आणली. आई म्हणे, "नाय गं, धूर हायेच." त्या दिवसांत ती कुठल्याही आवाजाला दचकायची, जेवण टाकायची. तांदळात खडे राहायला लागले होते, त्यावरून मी तिला बोलायचे. तिच्या हातून एवढं एक सुख सुटलं तर ही बाई मरेल, अशी मला खरोखर भीती वाटत होती. म्हणून गेले दुकानात.

दुकानदार भलताच उत्साही. "ताई, एचडी आहे. जुनी सीडी टाका, नव्यासारखी दिसेल. चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसतो की नाही बघा." घरात कोणता टीव्ही आहे हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमचा होता जुना, पोटवाला टीव्ही. त्याला मागे लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीनच पिना लागायच्या. एचडीची चपटी वायर खोचायला त्याला भोकच नव्हतं. पुन्हा त्याच तीन पिना लावल्या, म्हणजे चित्र होतं तिथेच राहिलं. मुळात कॅसेटवरून उतरवलेल्या शूटिंगमध्ये जे नाही ते कोणतं यंत्र आणणार? पण मी आईला विचारलं, दिसतंय का? ती म्हणाली, "हो गं, लख्ख दिसतंय आता." मी सुटकेचा निःश्वास टाकला. तीळ दिसला का, एवढंही विचारलं नाही.

त्यानंतरचा एक शनिवार. सकाळची शाळा आटोपून घरी आले तर दारातच बँड ऐकू आला. आई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली होती. स्वतःशीच हसत होती. "ये, ये, आता कान पिळतोय बघ," ती म्हणाली. मांडवात हशा पिकला. "आता वळला."

टीव्हीचा पडदा निळा होता. नुसता निळा. सकाळी झाडताना माझ्या हाताने पिवळी पिन निघाली होती. चित्राची पिन पिवळी असते, बाकीच्या दोन आवाजाच्या.

मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. तिची नजर हलली नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले, थेंब घालत राहा, जो थोडा उजेड कळतोय तो टिकेल. मी त्यांच्यावर ओरडले, मुंबईला नेऊ का विचारलं, डोळा बदलता येतो का विचारलं. ते शांतपणे नाही म्हणत राहिले. रिक्षात आईने माझा हात धरला. "तू एवढं मशीन आनलं," ती म्हणाली, "मग दिसत नाय कसं म्हनायचं?" मला तिचा भयंकर राग आला.

घरी आल्यावर मी पिवळी पिन खोचली आणि खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा ती सीडी मी नीट बघितली. आईने विचारायच्या आधीच एकेक गोष्ट सांगत गेले, कुणी कोणती साडी नेसलीय, मामा कुठे उभा आहे. कान पिळला. हशा. भाऊ वळायला लागला, आणि नेमकं तेव्हाच शूटिंगवाल्याने मिक्सिंग करताना हौसेने पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. वरून खाली, भदाभदा. भावाचं तोंड त्यांच्याखाली गेलं. पाकळ्या संपल्या तेव्हा तिथे जेवणाची पंगत होती.

"हसतोय का रडतोय?" आईने विचारलं.

"हसतोय."

"मागं घेऊन बघ बरं नीट."

मी मागे घेतलं. पुन्हा पाकळ्या. "हसतोय, आई. दात दिसतायत त्याचे."

आईने हात पुढे केला, चाचपत माझ्या गालापर्यंत आणला आणि तिथेच थांबवला.

"मंग तू का रडती?"