दमल्या हाताची भाकरी

येरमाळ्याच्या आमच्या खानावळीत भाकऱ्या थापणारी मावशी ऐन गर्दीत उठते, हात धुते आणि उंबऱ्यात पाय पसरून बसते. ट्रकवाले विचारतात, "मावशी, संपावर गेलात का?"

"दमल्या हातानं भाकरी फाटती. मग तूच नावं ठेवशील. बस जरा."

थोड्या वेळानं ती पुन्हा काठवटीपुढं बसते. मग तिची एकही भाकरी फाटत नाही.

मी नववीत शाळा सोडलेली, नंदुरबारहून इथं भांड्यांच्या कामाला आलेली. यंदा बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय. संध्याकाळी काम उरकून गणित उघडलं की डोळे मिटायचे. एकदा रडत म्हणाले, "माझ्यात जिद्दच नाही, मावशी."

"जिद्द लई हाय. सांजच्याला अंगात जीव उरत न्हाय. सकाळी बसत जा, तवर तुझी भांडी मी घासते."

मालकालाही तिनं तसंच सांगितलं. माझं ते धाडस झालं नसतं.

आता सकाळी मी चुलीजवळ अभ्यासाला बसते. नापासाची भीती आहेच. काल गणितं जमत होती, तर तिनं येऊन पुस्तक मिटलं.

"एकच राहिलंय," मी म्हणाले.

"राहू दे. उद्या बसायची ओढ ऱ्हाईल."

आज सकाळी तिनं हाक मारायच्या आधीच मी राहिलेल्या गणितासाठी उठले होते.