इंजिनाला चालणारं पाणी

त्यानं फिल्टरच्या वाटीतलं काळंकुट्ट ऑइल माझ्या प्यायच्या डब्यात ओतलं आणि म्हणाला, "हं. पी आता."

तारापूरला मोठं बांधकाम निघालं होतं, तेव्हाची गोष्ट. बोईसरजवळच्या खदाणीत आम्ही मासवणकडच्या आदिवासी बाया खडी उचलायचो. हा तिथला सुपरवायझर. इस्त्रीची पँट, गालात सुपारी, डोक्यात जात. उन्हानं अंधारी आली म्हणून मी त्याच्या मडक्यात डबा बुडवला होता. एवढंच. मडकं त्यानं लाथेनं फोडलं. माझा डबा पायानं ओढला. मिस्त्री इंजिन थांबवून फिल्टर धूत होता, त्याच्यापुढची वाटी ह्यानं उचलली.

खडी फोडायचं यंत्र त्या डिझेल इंजिनावर चालायचं. ऑइल फिल्टरमधून गाळून आत फिरायचं. तापलं की पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या नळीतून जाऊन निवायचं. टाकीतलं पाणी उकळून उडून जाई. विहिरीवरून ते आम्हीच भरायचो. ऑइलला गाळणी, ऑइलला गार पाणी. आम्हाला गाळ.

मी डबा उपडा केला. त्याच्या बुटावर शिंतोडे उडाले. उडू देत.

मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं. सुपरवायझर म्हणाला, "टाकी भर."

मी हंडा खाली ठेवला. "नाय भरनार. माज्या हातचं पानी तुला बाटतं ना? मंग इंजिनाला कशाला?"

शेजारी जानकीनं तिचा हंडा ठेवला. मग बाकीच्यांनी.

तो हसला. टाकीतून वाफा यायला लागल्या तरी हसत होता. मिस्त्री ऑइलच्या दाबाच्या काट्याकडे बघून म्हणाला, "साहब, तेल पतला हो गया. बंद नहीं किया तो बेअरिंग जल जाएगा." आणि त्यानं इंजिन बंद केलं.

खदाण गप्प. ट्रक रिकामे उभे. मालक यायची वेळ झालेली. तेव्हा त्यानं काय केलं? आमचाच हंडा उचलून विहिरीवर गेला. बाटला नाही. नोकरीवर आलं की ह्यांचं सोवळं असं गळून पडतं. अर्धं पाणी पँटीवर सांडून आला आणि म्हणाला, "चला गं, झालं गेलं विसरा."

आम्ही हंडे घेऊन घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला कामावरून काढलं म्हणे. आम्ही गेलोच नव्हतो.

पुढं पालघरकडं कुठंकुठं कामं केली. नव्या कामावर गेले की पहिलं विचारते, प्यायचं पाणी कुठं हाय? दाखवतात तिथं जाते आणि सगळ्यांच्या आधी पिते. ज्याला चालत नसंल, त्यानं तहानेनं मरावं.