छाटलेला कान

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी माझ्या पुस्तकाचा विषय काढला की मी चहा मागवायचो. आता पंचाहत्तरी उलटली. चुकीचं छापलेलं माझ्यामागं तसंच राहू नये, म्हणून लिहितो.

आमचं घराणं मेंढरं राखणारं. पाटसला कारखान्यातली नोकरी संपल्यावर मी घराण्याच्या ओव्या आणि कहाण्या लिहून काढायला बसलो. त्या सगळ्या केंदूरच्या माझ्या चुलत्यांना, आप्पांना, पाठ होत्या. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं की ते त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत. "ह्यो ऐकून कुणाला सांगतो रं?"

घराण्याचा पहिला कळप कुणी आणला, ही कहाणी त्यांनी तीनदा सांगितली. तिन्ही वेळा कळप आणणारी एक बाई होती, आणि तिचं नाव आप्पांच्या आईचंच. आप्पा माझ्या आजोबांच्या दुसऱ्या बायकोचे. त्या आजीला आमच्या घरात कधी मान मिळाला नाही. म्हातारा आईला कहाणीत घुसवतोय, असं मी धरून चाललो. दौंडला पुस्तक छापायला दिलं, तेव्हा बाई काढली आणि मूळपुरुष घातला. आप्पांना विचारलं नाही.

आप्पांच्या नातीनं त्यांना पुस्तक वाचून दाखवलं. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "मेंढरू आपलंच हाय. पर त्येचा कान कुठं हाय?"

प्रत्येक घराच्या मेंढरांच्या कानाला वेगळा काप असतो. त्यावरून मालक कळतो. चोर आधी कानच छाटतो. टोमणा मला समजला. तरी वाटलं, लबाडी पकडली म्हणून चिडलेत.

पुढं वरवंडला एका हळदीत परक्या घराण्यातल्या म्हातारीनं तीच कहाणी गायली. तीच बाई, तेच नाव. मी विचारलं, "हे नाव कुठलं?"

"आज्जीपासनं ऐकतोय. तिच्यावरनंच तर पोरींची नावं ठेवत्यात. तुमच्यात न्हाई व्हय ठेवत?"

आमच्यातही ठेवलं होतं. एकीचं, आप्पांच्या आईचं.

आठवड्यानं केंदूर गाठलं. आप्पा ओट्यावर कांदे निवडत होते.

"काय काम काढलंस?"

"सहज आलो."

"सहज? आन् तू?" ते हसले.

वरवंडहून कुणीतरी फोन केला असावा, यांना सगळं ठाऊक असावं, असं मला वाटलं. त्या संशयानंच मूळ विषय काढला नाही. कांद्यावर बोललो, चहा प्यालो आणि परतीची एसटी पकडली. दिवाळीआधी आप्पा गेले.

म्हणायचं एवढंच होतं: आप्पा, कान मी छाटला. तुमच्या आईचं नाव कहाणीत आधीपासून होतंच. मला माफ करा.