सरपंच एकाच वेळी दोन मांड्यांवर

अमावास्येला नखं कापणारी, तिन्हीसांजेला केस विंचरणारी आणि आडव्या गेलेल्या मांजराला उचलून मुका घेणारी बाई आहे मी. तेव्हा "तुमचा विश्वास होता म्हणून तुम्हाला दिसलं" असं प्रतिक्रियांमध्ये कुणी लिहू नका. माझा विश्वास नव्हता. आजही नाही... पण माझ्या कपाटात एका डबीत दोन चिंध्या आहेत. त्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

मी कर्जतला भिसेगावात राहते. तळमजल्यावरचा फ्लॅट, स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक गज वाकलेला. यजमान कुंभिवलीजवळ एका कंपनीत आहेत, सकाळी सातच्या बसने जातात. मुलगी लग्न होऊन गेली. दिवसभर घरात मी आणि सरपंच.

सरपंच म्हणजे आमचा बोका. ड्रॉपरने दूध पाजून वाढवलाय मी त्याला! नाव 'सोन्या' ठेवलं होतं, पण ते टिकलं नाही, कारण या प्राण्याला समाजकार्याची भयंकर आवड. कुणाकडे सत्यनारायण — हा पहिल्या रांगेत. कुणाकडे बारसं — हा पाळण्याखाली. गॅसवाल्याच्या पायाला अंग घासणार, मीटर बघायला आलेल्याच्या बॅगेवर बसणार, समोरच्या रिटायर्ड काकांच्या मांडीवर पेपर वाचणार. लोक म्हणतात, "काय प्रेमळ हो तुमचा बोका!" मी गोड हसते. आतून जळून कोळसा होते. रात्रीचे तीन-तीन तास जागले मी, आणि हा प्रेम वाटणार गॅसवाल्याला? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यजमानांवर मी एवढा संशय घेतला नाही...

श्रावणात प्रकरण वाढलं. रोज दुपारी एकला स्वारी वाकलेल्या गजातून बाहेर पडायची, ती चारला परत. आला की अंगाला वास — निलगिरीच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा. आमच्या आसपास चूल कुणाकडे हो? आणि एक दिवस बाहेर धो धो पाऊस, हा आला तो कोरडा ठणठणीत! मी त्याच्या मानेत नाक खुपसून विचारलं, "कोण आहे ती?" त्याने डोळे मिटून घेतले. पक्का पुढारी.

म्हटलं, याच्या गळ्यात काहीतरी बांधावं. जी कोण आहे तिला कळू दे, याला घर आहे, घरी मालकीण आहे. म्हणून एका जांभळ्या ब्लाउजपीसची पट्टी कापली.

त्या पिसाचं सांगायला हवं. ओटीतले ब्लाउजपीस कुणी शिवत नाही, ते फिरतात, हे बायकांना मी नवीन सांगत नाही. माझी एक खोडी आहे — मी देते त्या पिसाच्या कोपऱ्यावर बॉलपेनने बारीक टिंब काढते. कुठे कुठे मुक्काम करून येतो ते बघायला मजा येते. गेल्या वर्षी गौरींना कडावला, सासरी, सासूबाईंनी आम्हा दोन्ही सुनांच्या ओट्या भरल्या. मोठ्या जाऊबाईंना नवाकोरा खण. मला हा जांभळा पीस. कोपरा उलटून बघते तर — माझंच टिंब! दोन वर्षांपूर्वी त्यांना मीच दिलेला! भरल्या घरात मी म्हणाले, "आई, ताईंना खण आणि मला माझाच पीस परत?" त्या काही बोलायच्या आत मी न जेवता निघाले. त्यानंतर अकरा महिने कडावला पाऊल टाकलं नाही. यजमान रविवारी जाऊन यायचे. "आई फार थकल्यात, तुझं नाव काढतात," म्हणायचे. मी भांडी जरा जास्त जोरात घासायचे.

तर त्याच पिसाची, टिंबाच्याच कोपऱ्याची पट्टी कापून सरपंचाच्या गळ्यात बांधली. म्हटलं, याची लायकी एवढीच.

तिसऱ्या दिवशी खिडकीच लावून घेतली. "जा बघू आता." सरपंच मुकाट माझ्या मांडीवर येऊन घुरघुरायला लागला. मी विजयी मुद्रेने टीव्ही बघत होते. दीडच्या सुमारास मोबाइल वाजला. मोठ्या जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल. अकरा महिन्यांनी!

"सुमे, रागवू नको गं, पण तुझा बोका रोज इतक्या लांब येतो कसा?"

"कुठला बोका?"

"तुझ्या स्टेटसला असतो तोच की! धा दिवस झाले, रोज दुपारी येतो. आई आमचं कुणाचं ऐकत नाय, औषध घेत नाय. ह्यो मांडीवर बसला की घेतात. दोन दिवस गळ्यात पट्टी बघते, तवा म्हटलं तुला विचारावं."

त्यांनी कॅमेरा वळवला. सासूबाई खाटेवर बसलेल्या, अर्ध्या झाल्या होत्या. मांडीवर सरपंच. फाटका डावा कान, एकच पांढरा पाय, गळ्यात जांभळी पट्टी.

मला भीती वाटली असं तुम्हाला वाटत असेल. छे! मी पेटले. माझा बोका, आणि जगात दुसरी मांडी मिळाली नाही याला?... मग माझ्याच मांडीवर काहीतरी हललं.

मी खाली बघितलं. फाटका डावा कान. एकच पांढरा पाय. पट्टी.

मी मोबाइल खाली वळवून जाऊबाईंना दाखवला. "अगं बाई गं..." एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "कोन हाय? सुमन हाय का?" आणि इकडचा आणि तिकडचा, दोन्ही सरपंचांनी एकदमच मान वर केली आणि एकदमच जांभई दिली. मग स्क्रीन अडकला.

मी बोक्याला भाजीच्या पिशवीत घातला, तोंड बाहेर ठेवून वर ओढणी गुंडाळली आणि रिक्षा केली. कडाव काही शेजारच्या गल्लीत नाही — मध्ये रूळ, नदी, भाताची खाचरं. वाटेत तीनदा पिशवीत हात घालून बघितलं. होता.

जाऊबाई दारातच उभ्या. "तुझी रिक्षा वळली ना, तसा उठून मोरीत गेला. मी मागंच गेले. मोरीत कोण नाय!"

मी आत गेले. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास, मागच्या पडवीतून चुलीचा धूर. मी पिशवी सोडायच्या आत सरपंचाने उडी मारली आणि सासूबाईंच्या मांडीवर अंगाची गुंडाळी करून बसला. त्यांना नवल नाही की काही नाही.

"आत्ताच तर उठलास ना रं," त्या त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "बस. जेवून जा. मागल्या टायमाला तशीच गेलीस."

त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. जांभळी पट्टी. "तुझ्या बोक्याची सुटली," म्हणाल्या. माझ्या बोक्याची पट्टी तर त्याच्या गळ्यात होती.

मी पट्टी उलटली. टिंब.

"त्ये टिंब मला तू पीस दिलास तवाच दिसलं व्हतं गं," सासूबाई म्हणाल्या. "तू दिलेलं मी फिरवत नाय. हिनं दिलेले समदे वाटून टाकले. इचार."

"वाटले बाई, आपल्याच आत्तेसासूला चार गेले," जाऊबाई फणकारल्या. त्या क्षणी त्या कोणावर जळत होत्या, हे मी ओळखलं. मला त्यातलं कळतं.

"तुझा तेवढा पेटीत ठेवला. आता मी काय शिवनार? मी गेल्यावर कुनी फडकं केलं असतं. म्हटलं, तुझ्या हाती जाऊ दे."

आणि मी काय केलं होतं त्याचं? फडकंच. मान वर करवेना.

"आई, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू थांबलीस कुठं?"

त्या दिवशी मी जेवले. दोनदा वाढून घेतलं.

घरी येऊन पीस जमिनीवर पसरला. एकच पट्टी कापलेली. दोन्ही चिंध्या त्या जागी लावून बघितल्या — दोन्ही धाग्याला धागा बसतात. दोन्हींवर टिंब. यजमान म्हणाले, दोन सारखे बोके असतील, कापडही बाजारात ढिगाने मिळतं. मी म्हटलं, आणि टिंब? ते चहा प्यायला लागले. त्यानंतर मी पुष्कळ डोकं चालवलं, तुम्हीही चालवा. मी टिंब एकच काढलं होतं, एवढं मी शपथेवर सांगते. बाकी मला काही सांगता येत नाही.

गौरी झाल्यावर सासूबाईंना आम्ही इकडे आणलं. सरपंचाचं दुपारी बाहेर जाणं बंद. शिंप्याने काखेत जोड देऊन त्या जांभळ्या पिसाचा ब्लाउज बसवला, मी घालते. पण दिवसभर बोका त्यांच्या मांडीवर, आणि त्यांचा हात त्याच्या डोक्यावर. मी कांदा चिरता चिरता बघते आणि जळते. परवा राहवलं नाही. "आई, उतरवा की त्याला जरा खाली."

"का गं?"

मी कांदा चिरत राहिले. त्यांनी सरपंचाला थोडा बाजूला सारला.

"ये. जागा हाय."