पाकिटावर कोण कोणासारखं

"खाष्ट सासूचं काम करणाऱ्या नटीसारखी. डावा डोळा बारीक."

मुलगी बघायला आलेल्या मास्तरांनी आपल्याच आईच्या फोटोचं पाकीट मोठ्यानं वाचलं, तेव्हा माझी नणंद कौसल्या पोह्यांची बशी घेऊन समोर उभी होती. बशी ठेवून ती रडत आत पळाली. आधीच दोन स्थळं परत गेली होती.

मास्तरांचा दोष नाही. पहिलीला शिकवायचे, अक्षर दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय! दोष माझ्या नवऱ्याचा. बालाघाटात आमचा फोटो स्टुडिओ, मागच्या खोलीत घर. मास्तरांची आई मागं तिरोडीहून बाजाराला आली तेव्हा आमच्याकडे फोटो काढून गेली होती. "मावशी, तुमचा फोटो तयार हाय!" म्हणत ह्यांनी आज तो तिच्या हातात पाकिटासकट दिला.

पाकिटांवर लिहायचं काम माझं. पण लिहू काय? बाया नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि नुसतं शेवंता लिहावं तर बाजाराच्या दिवशी पाच शेवंता! म्हणून टॉकीजमध्ये पाहिलेल्या नटनट्या आठवून मी खूण लिहायची. फोटो चटकन सापडायचा. (पाकीट गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, हा नियम होता.)

"कोनं लिवलं हे?" म्हातारी कडाडली.

ह्यांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.

"मावशी, मी नवऱ्याचं नाव विचारलं होतं. तुम्ही लाजल्या."

"म्हनून मले सासू केलं?"

"सासू कराले तर बोलावलं ना तुम्हाले!" मी बोलून गेले.

ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हातारी उठली. आता हेही स्थळ गेलं, असं मी धरूनच चालले. पण ती दारापर्यंत जाऊन वळली.

"पोरीच्या पाकिटावर काय लिवलं?"

ह्यांनी पेटीतून काढून दिलेलं पाकीट मास्तरांनी वाचलं, "कोणासारखीच नाही. नाक बसकं. हसली की बरी."

"आन तिले बाहेर. हसून दाखव म्हना."

कौसल्या आली ती डोळे पुसत. हसणार कुठून? मास्तरच आधी फिसकन हसले, मग तीही हसली.

"हौ, बरी दिसते," म्हातारी परत बसली. "दुसरे लोक फोटोत पोरगी गोरी करून धाडतात. इथं सच्ची बात तरी हाय. बाबू, आता या लिवनारीचं पाकीट पाह्य."

माझंही पाकीट आहे, हे मला ठाऊक नव्हतं! हे घाईनं आत गेले. मास्तरांनी पेटीतून माझ्या फोटोचं पाकीट काढून ह्यांचं अक्षर खड्या आवाजात वाचलं, "सिनेमातल्या हिरोईनसारखी. लाईट गेल्यावर."

म्हातारी एवढी हसली, की पोहे घशात अडकले आणि पाठीवर मला थापट्या माराव्या लागल्या. (जरा जोरातच मारल्या.)

लग्न ठरलं. त्या दिवसातून म्हातारी वाचली, कौसल्या वाचली, माझा नवरासुद्धा वाचला. माझ्यातली हिरोईन तेवढी गेली.