म्होरलं मेंढरू

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की विश्रामबागेतलं ते एका खोलीचं वर्कशॉप आठवतं. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू करायच्या पेट्या आम्ही तिथं बनवायचो. जन्मभर मेंढरं राखून आता डाळिंब लावलेले आटपाडीचे एक मामा पेटी न्यायला आले होते. वीज यायच्या आत त्यांना बागेत पोचायचं होतं. आणि मी शहाण्यानं त्याच सकाळी पेटीचा प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलेलं. कालपर्यंत बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम आता एकशे चाळीस चुका दाखवत होता. मी यादीच्या तळापासून एकेक चूक धरून झगडत होतो. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "पयलं कुटं अडलंय रं? म्होरलं मेंढरू अडलं की मागची उगंच वरडत्यात." चिडूनच मी यादीच्या वर गेलो. नव्या सॉफ्टवेअरनं एका फाइलची जागा बदलली होती. तेवढी एक ओळ सुधारली आणि सगळ्या चुका गेल्या. प्रोग्रॅम भरलेली पेटी काखेत मारून मामा दारात थांबले. "कळप हलवायच्या आदी एकानं म्होरं जाऊन वाट बगून यायची असती, पोरा." आज पुन्हा अपग्रेडची सूचना आलीय. कामाच्या कॉम्प्युटरला मी हात लावलेला नाही. जुना लॅपटॉप वाट बघून यायला पुढं धाडलाय.