पाहुण्याची डोली

देश खुला झाला त्या वर्षांत मीही जरा खुला झालो. आमच्या घरात सरकारी नोकरीबाहेर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मी टाकलं, आणि तेही थेट रंगीत टीव्हीच्या कंपनीत. जामबागच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले बाबा एवढंच म्हणाले, "खोकी विकणार म्हण की." मी त्यांना 'मार्केटिंग' समजावून सांगू लागलो. त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

आमच्या साहेबांना त्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी एक फोटो हवा होता. पूर्व घाटातल्या डोंगरमाथ्यावरचं एखादं गाव, मधोमध आमचा टीव्ही, भोवती थक्क झालेली माणसं. गावात वीज नसेल, असं मी भीतभीत सुचवलं. "फोटोत वायर दिसते का?" साहेब म्हणाले. हे मला त्या वेळी दूरदृष्टीचं बोलणं वाटलं, यावरून माझी पातळी ओळखा.

माझी निवड झाली, कारण ऑफिसात तेलुगू 'येणारा' मी एकटाच. माझी तेलुगू गौलीगुड्याच्या भाजीबाजारात तयार झालेली: भाव विचारणं, भाव पाडणं आणि न घेता पुढे सरकणं, एवढ्यापुरती अस्खलित. बाकी सगळा जन्म दख्खनीत, आणि दख्खनीत भिजलेल्या मराठीत गेला. आमच्याकडे वाक्यात कुठेही 'तो' टाकायची सवय. मैं तो बोला, वो तो सुनाच नहीं. ह्या 'तो'नेच पुढे माझा घात केला.

डांबरी रस्ता एका चहाच्या टपरीपाशी संपला. टीव्हीचं खोकं आडवं करायचं नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून ते जीपच्या मागच्या सीटवर माणसासारखं बसवून दोरीनं बांधलं होतं. ड्रायव्हर खोक्याच्या राखणीला थांबला. आठवडी बाजाराहून परतणाऱ्या एका गावकऱ्यामागून मी आधी फोटोची जागा बघायला डोंगर चढू लागलो. पायात कोठीच्या बाजारात घेतलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. धावण्यासाठीच बनवलेले होते ते. ओल्या तांबड्या मातीवर धावलेही, फक्त मला न विचारता. गाव आलं तेव्हा माझा घोटा नारळाएवढा झाला होता आणि दोन जळवा मोज्यात मुक्कामाला होत्या.

गाव म्हणजे समोरासमोर मातीच्या घरांच्या दोन ओळी. ढग शेजाऱ्यासारखे न विचारता दारातून आत येत. दाराशी कॉफीची झुडपं, वर मिरीचे वेल. पण कॉफी सगळी खाली आमच्यासारख्यांसाठी जायची, आणि ती पिकवणारे नाचणीची आंबील प्यायचे. पाणी खालच्या झऱ्यावरून बायकांच्या डोक्यावर चढायचं. विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. तोवर बायकांनी दोन खांबांना वेलाची दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. ह्या सगळ्यात मी लंगडत दारोदार विचारत होतो, "टीव्हीत काय बघायला आवडेल?"

एका म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "रस्ता दिसतो का त्यात?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

म्हातारीची सून दिवस भरलेली होती, आणि गावच्या सुईणीने पोटावर हात ठेवून मूल आडवं असल्याचं सांगितलं होतं. आदल्या वर्षी शेजारघरची पोर अशीच अडली होती. कळा सुरू झाल्यावर तिला उचललं आणि ती अर्ध्या उतारावरच दगावली. म्हणून ह्या वेळी कळांची वाट न बघता दुसऱ्या दिवशी पहाटे सुनेला खाली दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. मलाही कुणी सांगितलं असेल, नाही म्हणत नाही. पण माझ्या तेलुगूत वांगी-दोडक्यांपलीकडचं काही शिरतच नव्हतं.

सांजेला म्हातारीने माझा घोटा बघितला, हळद थापली आणि म्हणाली, "सकाळी डोलीतो वेळ्ळंडी."

वेळ्ळंडी म्हणजे जा, एवढं मला येत होतं. पुढचं माझ्या दख्खनी कानाने लावलं: डोली तो है, जाओ! गरीब माणसं, पण पाहुण्याची काय ही कदर! आमच्यात डोली म्हणजे नवरीची. मी तिच्याच ओसरीवर भारावून झोपलो.

सकाळी अंगणात खरंच डोली होती: जाड बांबू आणि त्याला झोळीसारखं बांधलेलं घोंगडं. चार तरुण बाजूला आंबील पीत उभे. मी सगळ्यांना नमस्कार केला, घोंगड्यात बसलो आणि पोटावर बॅग घेतली.

चौघांचे पेले हातातच राहिले. एकजण म्हणाला, "उतरा."

"असू दे, असू दे," मी म्हणालो. "आरामात आहे मी. सावकाश चला."

तेवढ्यात म्हातारी सुनेला धरून बाहेर आली. सुनेचा एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक. म्हातारीने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काय रे नायना, माझ्या लेकरा, तुला कितवा महिना लागलाय?"

चौघांपैकी बांबूजवळचा दाढीवाला ओरडला, "पेळ्ळिकूतुरु!" म्हणजे नवरी. चौघेही हसत सुटले. सूनसुद्धा तशा अवस्थेत हसली.

"डोली*तो* म्हटलं होतं मी," म्हातारी म्हणाली, "डोली*लो* नाही!" तेलुगूत 'तो' म्हणजे सोबत आणि 'लो' म्हणजे आत. वाटेला फाटे फार, पाहुणा चुकू नये, म्हणून डोलीच्या सोबतीनं जा, असं ती माउली सांगत होती. घोंगड्यातून बाहेर पडणं मला जमेना. शेवटी त्यांनी बटाट्याच्या पोत्यासारखं मला ओतलं.

मग सून आत आणि मी सोबत. लाज झाकायला मी खांदा देऊ केला. माझी उंची त्यांच्याहून वीतभर जास्त. बांबू तिरपा झाला आणि सून घसरू लागली. म्हातारीने कॉलर धरून मला मागे ओढलं. "तू नुसता चाल. आणि गप्प चाल."

अर्ध्या उतारावर कळा सुरू झाल्या. त्यानंतर कुणी 'नवरी' म्हटलं नाही. म्हातारी एका हाताने घोंगडं धरून सुनेशी बोलत राहिली, आणि चौघे जवळजवळ धावत सुटले; त्यांच्यामागे लंगडत मी. आदल्या वर्षीची ती पोर कुठे गेली, हे मला कुणी दाखवलं नाही. पण एका वळणावर म्हातारीने बोलता बोलता तोंड फिरवलं.

खाली ड्रायव्हर जीपमध्ये घोरत होता आणि मागच्या सीटवर टीव्ही ऐसपैस बसला होता.

"खोका उतार," मी म्हणालो.

"साब, बडे साब मेरेकू कच्चा चबा जाते!"

"त्यांचे दात बघतो मी. उतार."

"आडा तो नक्को रखूं ना?"

"उलटा ठेव!"

सून सीटवर, तिचं डोकं म्हातारीच्या मांडीवर, दाढीवाला पायाशी. तो तिचा नवरा होता, हे मला तेव्हा कळलं. दवाखान्यात तिला थेट आत नेलं. आम्ही व्हरांड्यात. म्हातारी एका जागी बसेना. मी तिला बिस्कीट दिलं, ते तिने हातातच चुरून टाकलं.

समोरच्या बूथवरून साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "ते ठीक. सेट सुरक्षित आहे ना?"

"टपरीवर उलटा उभा आहे. आम्ही निघायच्या आतच चहावाल्याने वर बिस्किटांच्या बरण्या मांडल्यात."

"लोक आहेत का भोवती? मग फोटो घ्या ना!"

मी फोन ठेवला. सेट निदान बरण्या ठेवायला तरी खपला होता: आयुष्यातलं ते माझं एकमेव यशस्वी मार्केटिंग.

परत आलो तर व्हरांड्यात म्हातारी रडत होती. तिने पदराने नाक पुसलं. "पोट फाडलं. पण मायलेकी दोघी सुखरूप आहेत. मुलगी झाली."

दाढीवाला भिंतीला टेकून खाली बसला तो उठेचना.

"पोरीचं नाव ठेवायला वर ये," म्हातारी मला म्हणाली. "तिची आई टाके सुकले की डोलीतून वर जाईल. डोलीतो ये." मग एक बोट उगारून, लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं: "तो."

"तो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि नातीला बघायला आत गेली. माझ्या पायाला मात्र त्या अख्ख्या दवाखान्यात कुणी काही विचारलं नाही.